हातून निसटली

“उठली तर मला हाक मारा, अप्पा. तुम्ही उचलू नका,” असं म्हणून नरसूबाई ओल्या कपड्यांची बादली घेऊन गच्चीवर गेल्या. जाताना त्यांनी दार नुसतं लोटून घेतलं. सकाळचे अकरा वाजले असतील. माझी चौदा महिन्यांची नात चिनू पाळण्यात झोपली होती आणि मी शेजारी आरामखुर्चीत, पाय स्टुलावर ठेवून बसलो होतो.

ही नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा मी चौसष्ट वर्षांचा होतो. सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात चौतीस वर्षं लघुलेखक होतो. साक्षीदार बोलायचे आणि मी लिहून घ्यायचो. निवृत्त झालो, पत्नी गेली, आणि त्याच्या पुढच्याच वर्षी मला हार्ट अटॅक आला. त्यातून वाचलो, पण हृदय पूर्वीसारखं राहिलं नाही. डॉक्टर बिराजदारांनी सोनोग्राफीच्या पडद्यावर ते दाखवलं. ओल्या रुमालासारखं काहीतरी मंदपणे हलत होतं.

“पंपिंग तीस टक्क्यांवर आलंय,” ते म्हणाले. “हार्ट फेल्युअर म्हणतात याला. नावाला घाबरू नका. हृदय बंद पडलेलं नाही, दमलंय. आता तुम्ही त्याला सांभाळून घ्यायचं.”

तेव्हापासून दिवसाला शिस्त लागली. सकाळी उठल्यावर वजन करायचं आणि सुनेनं, गिरिजानं, फ्रिजवर चिकटवलेल्या तक्त्यात ते लिहायचं. दोन दिवसांत दोन किलो वाढलं तर अंगात पाणी साठतंय असं समजून डॉक्टरांना फोन करायचा. दिवसभरात पाणी दीड लिटर, त्यातच चहा आला. लोणचं बंद, पापड बंद, शेंगाचटणी बंद. रात्री डोक्याखाली तीन उशा, नाहीतर श्वास कोंडायचा. बसल्या जागेवरून ताडकन उठायचं नाही. आधी पाय हलवायचे, मग खुर्चीच्या कडेला सरकायचं, मग काहीतरी धरून उभं राहायचं.

“आणि चिनूला उभ्यानं घ्यायचं नाही, अप्पा,” गिरिजा म्हणाली होती. “खाली गादीवर बसा आणि मांडीवर घ्या. मग हवं तेवढं खेळा.”

तिचं काही चुकलं नव्हतं. तरी मला ते लागलं. त्या घरात माझ्याकडे कुणी मागायला येईल असं काही राहिलं नव्हतं. भाजीची पिशवी उचलायची नाही, गॅसची टाकी हलवायची नाही, बँकेत जायचं तर मुलाला, विश्वनाथला, सोबत न्यायचं. फक्त ती पोरगी माझ्याकडे बघून दोन्ही हात वर करायची.

अंधारी येते हे मी घरात कुणाला सांगितलं नव्हतं. त्याआधीच्या सहा महिन्यांत तीनदा आली होती. एकदा अंघोळीनंतर, एकदा देवघरासमोरून उठताना आणि एकदा स्वयंपाकघरात, नरसूबाईंच्या देखत. नरसूबाई येमूल आमच्याकडे सकाळी नऊपासून चारपर्यंत चिनूला सांभाळायच्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या. घरात तेलुगू बोलायच्या आणि आमच्याशी सोलापुरी मराठी. मी ओट्याला धरून खाली घसरायला लागलो तेव्हा त्यांनी मला काखेत हात घालून फरशीवर निजवलं आणि पिठाचा डबा ओढून माझे पाय त्यावर ठेवले.

“डॉक्टरला सांगा की, अप्पा,” मी डोळे उघडल्यावर त्या म्हणाल्या.

“सांगतो. पण विशूला आणि गिरिजाला बोलू नका.”

“का?”

“उगाच घाबरतील.”

“नाय बोलत,” त्या म्हणाल्या. “शब्द दिला. पण तुम्ही सांगा.”

मी सांगितलं नाही. घाबरतील म्हणून नव्हे. कळलं असतं तर मांडीवर घेण्याचीसुद्धा मनाई झाली असती, म्हणून.

तर त्या दिवशी अकरा वाजता चिनू उठली. आधी कुरकुरली, मग पाळण्याच्या कठड्याला धरून उभी राहिली आणि रडायला लागली. मी हाक मारायला हवी होती. जिना दाराबाहेरच होता, गच्चीवर ऐकू गेली असती. मी हाक मारली नाही. ताडकन उठलो आणि तिला उचललं.

ती लगेच गप्प झाली. माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. मी तिला घेऊन खिडकीशी गेलो. खाली पाण्याचा टँकर आला होता आणि नळी लावायचं काम चाललं होतं. “बघ, पाणी आलं,” मी म्हणालो. तिनं काचेवर हात आपटला. तेवढ्यात माझ्या कानांत शिट्टीसारखा आवाज सुरू झाला.

तो आवाज मला ओळखीचा होता. त्या वेळी खाली बसलो असतो, तिथेच, खिडकीखाली, तर काही झालं नसतं. मला वाटलं, दिवाण चार पावलांवर आहे, तिथपर्यंत जाऊ. दोन पावलं आठवतात. मग खिडकीचा उजेड कडेकडेनं काळा होत गेला.

शुद्धीवर आलो तेव्हा मी फरशीवर कुशीवर पडलो होतो आणि चिनूचा डावा हात माझ्या बरगडीखाली होता. ती ज्या आवाजात रडत होती तो आवाज मी तोवर ऐकला नव्हता. दार उघडून नरसूबाई धावत आल्या. हातातली कपड्यांची बादली त्यांनी टाकली, मला ढकलून बाजूला केलं आणि चिनूला सोडवलं.

पुढची वीस मिनिटं सगळं त्यांनीच केलं. दुपट्ट्यानं चिनूचा हात तिच्या अंगाशी बांधला. मला भिंतीला टेकवून बसवलं. गिरिजा शिकवायची त्या पॉलिटेक्निकमध्ये तिला फोन केला, “पोरीला लागलंय ताई, लगेच या,” एवढंच सांगितलं. मग चिनूला कडेवर घेऊन येरझाऱ्या घालत मला म्हणाल्या, “ताई आल्या की तुम्ही सांगा, अप्पा. नीट सांगा सगळं.”

“हो,” मी म्हणालो.

गिरिजा आली तेव्हा तिची ओढणी एका बाजूला लोंबत होती आणि पायात चपला तशाच होत्या. तिनं चिनूला घेतलं, हाताला स्पर्श केला, चिनू किंचाळली. हॉलमध्ये ओले कपडे पसरलेले होते.

“कशी पडली?” तिनं विचारलं.

नरसूबाई माझ्याकडे बघायला लागल्या. गिरिजानं त्यांच्याकडे बघितलं, खाली पडलेल्या कपड्यांकडे बघितलं.

“तुमच्या हातून पडली?”

तेव्हा मी बोललो. आवाज अगदी नेहमीचा होता. “कपडे घेऊन येत होत्या. एका हातावर चिनू होती. हातून निसटली.”

चौतीस वर्षं मी खोट्या साक्षी लिहून घेतल्या होत्या. ज्याला खोटं बोलायची सवय नसते तो फार तपशील देतो, अडखळतो. मी तीन छोटी वाक्यं बोललो आणि थांबलो.

“मी तर…” नरसूबाई म्हणाल्या, आणि पुन्हा माझ्याकडे बघून थांबल्या.

“गप्प बसा!” गिरिजा ओरडली. आमच्या घरात तोवर कुणी कुणावर असं ओरडलं नव्हतं. “चौदा महिन्यांचं लेकरू आहे हे! कपडे महत्त्वाचे होते? तुम्हाला कुणी सांगितलं होतं एका हातावर घ्यायला? मी घर तुमच्यावर टाकून जाते, माझं पोर तुमच्यावर टाकून जाते. स्वतःची नात असती तर धरली असती ना नीट? निघा. पुन्हा या घरात पाऊल टाकू नका.”

नरसूबाईंनी खाली वाकून ओले कपडे गोळा केले, बादलीत ठेवले, बादली मोरीत नेऊन ठेवली आणि गेल्या.

कोपराच्या वर हाड मोडलं होतं. हाडांच्या डॉक्टरांनी तीन आठवड्यांचं प्लास्टर घातलं. दवाखान्यात विश्वनाथ आला, त्यानं माझ्या कपाळाकडे बघितलं.

“अप्पा, हे टेंगूळ कसलं?”

“आवाज ऐकून धावत उठलो. कपाटाचं दार लागलं.”

“किती वेळा सांगितलं, एकदम उठत जाऊ नका म्हणून,” तो म्हणाला आणि कँटीनमधून बर्फ मागवून त्यानं स्वतः माझ्या कपाळाला लावला. मी लावून घेतला.

चार दिवसांनी नरसूबाई आल्या. गिरिजा चिनूला घेऊन दवाखान्यात गेली होती. बेल वाजली, मी लाकडी दार उघडलं, बाहेरचं जाळीचं दार बंदच ठेवलं.

“माझा डबा राहिला हितं. आणि चष्मा,” त्या म्हणाल्या.

मी दोन्ही आणून, जाळीचं दार किंचित उघडून त्या फटीतून दिलं. डबा आडवा जाईना, उभा करून द्यावा लागला.

“चिनूचा हात कसा हाय?”

“बरा आहे.”

“आणि तुमची चक्कर?”

“हळू बोला,” मी म्हणालो. घरात कुणीही नव्हतं.

त्या गेल्यावर मी दार लावलं आणि तिथेच चपलांच्या स्टँडवर बसलो. धाप लागली होती. फक्त डबा आणून दिला होता मी.

पुढच्या आठवड्यात डॉक्टर बिराजदारांकडे तपासणी होती. विश्वनाथ शेजारी बसला होता.

“बीपी कमीकडेच आहे,” डॉक्टर म्हणाले. “शंभराच्या खाली. चक्कर येते? डोळ्यांपुढे अंधारी?”

“नाही.”

“नक्की? उठताना, अंघोळीनंतर?”

“अजिबात नाही,” मी म्हणालो. हो म्हणालो असतो तर विश्वनाथ माझ्या कपाळाकडे बघणार होता.

“मग छान. चक्कर नसेल तर ही गोळी दुप्पट करू. बीपी आणखी थोडं उतरेल, पण हृदयाला फायदा होतो.”

डॉक्टरांचा दोष नव्हता. मी जे सांगितलं त्यावर त्यांनी गोळी वाढवली. तिसऱ्या दिवसापासून मी दात घासायलासुद्धा बसायला लागलो. बाथरूमच्या नळाला धरून उभा राहायचो आणि फरशीच्या चौकटी स्थिर होण्याची वाट बघायचो. अंगातलं पाणी काढणारी लघवीची गोळीही अधूनमधून चुकवायला लागलो, कारण ती घेतली की दहा वेळा उठावं लागायचं आणि प्रत्येक वेळी उठण्याची भीती वाटायची. पाय सुजले. मोज्यांच्या रबराचे वळ संध्याकाळपर्यंत उमटून राहायचे. वजन दोन किलोनं वाढलं. तक्त्यात मी जुनंच वजन लिहीत गेलो.

एका सकाळी सोसायटीच्या गेटवर वॉचमन कासिम म्हणाला, “साहेब, त्या बाईला काल गेटवरनंच परत पाठवलं. तिसऱ्या मजल्यावरच्या देशमाने मॅडमनीपण संध्याकाळच्या कामावरनं काढलं. पोरीला पाडलं म्हणून सगळ्यांना कळलंय.”

“बरं,” मी म्हणालो.

प्लास्टर निघालं त्या शुक्रवारी जेवताना गिरिजानं ठरवलेलं सांगितलं. तिची रजा संपली होती.

“मला आता बाहेरची बाई नको वाटते. भीतीच बसलीय. मी वेळापत्रक बदलून घेतलंय, दोनपर्यंत घरी येईन. साडेनऊ ते दोन चिनू अप्पांपाशी राहील. गादी खाली घालून सगळं हाताशी ठेवते. उचलायचं नाहीच. डॉक्टरही म्हणाले ना, चक्कर वगैरे काही नाही.”

“जमेल ना, अप्पा?” विश्वनाथनं विचारलं.

जे मला हवं होतं ते समोर वाढून ठेवलं होतं. मी हातातला घास परत ताटात ठेवला.

“जमेल,” मी म्हणालो.

शनिवारी दुपारी, वाचनालयात जातो असं सांगून मी रिक्षानं नरसूबाईंच्या घरी गेलो. विडी कामगारांच्या वसाहतीत त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. पत्ता आमच्या फोनच्या वहीत होता, त्यांनीच एकदा लिहून दिलेला. दाराच्या आत त्या सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसल्या होत्या. हे काम त्यांनी खोकल्यामुळे सोडलं होतं, हे मला माहीत होतं.

त्यांनी मला बघितलं, उठल्या, खुर्ची पुसून दिली. फुलपात्रात अर्धंच पाणी आणलं.

“तुम्हाला पाणी मोजून हाय,” त्या म्हणाल्या.

मी पाणी प्यायलो. काय बोलायचं ते रिक्षात ठरवून आलो होतो.

“सोमवारपासून चिनू माझ्यापाशी आहे. साडेनऊ ते दोन.”

पुन्हा सूप मांडीवर घेता घेता त्या थांबल्या. “एकट्यापाशी?”

“म्हणूनच आलोय. तुम्ही पावणेदहाला या आणि दीडला निघा. कासिमला मी सांगून ठेवतो, मागच्या गेटनं सोडेल. तुम्ही फक्त चिनूला उचलायचं, ठेवायचं. बाकी मी बघेन. घरात कुणाला कळायचं नाही.”

आतल्या खोलीत कुणीतरी भांडी लावत होतं, तो आवाज थांबला.

“म्हणजे मी चोरून यायचं,” त्या म्हणाल्या.

“थोडे दिवस. माझी तब्येत जरा सुधारली की मी सगळं सांगणारच आहे.”

“अजून सांगितलं नाय घरी?”

“नाही.”

“मला वाटलं, माफी मागायला आलात.”

“तीपण मागतो,” मी घाईनं हात जोडले. “चुकलं माझं, नरसूबाई. फार चुकलं.”

त्यांनी माझ्या जोडलेल्या हातांकडे बघितलंसुद्धा नाही. “मी पाडली नाय, हे मला ठाऊक हाय की,” त्या म्हणाल्या. “माझ्या लेकीला, जावयाला ठाऊक हाय. हितं सांगून काय करायचं? ज्यांना ठाऊक नाय ती माणसं तुमच्या घरात हायत.”

आणि मग मी जे विचारलं ते आठवलं की आजही मान वर करवत नाही.

“त्या दिवशी तुम्ही का नाही बोललात?” मी विचारलं, जणू त्यांचंच काही चुकलं होतं.

“तुम्हाला शब्द दिला होता. चक्करीचं बोलणार नाय म्हणून. ते सोडून कसं सांगू पोरगी कशी पडली? मी तुमच्या तोंडाकडं बघत उभी राहिले. आता सांगतील, आता सांगतील. तुम्ही सांगितलं ते ऐकल्यावर मग काय बोलायचं होतं? कोर्टातले साहेब तुम्ही. माझं कोण ऐकणार?”

मी उठलो. तिथे बसवेना. पाय हलवले नाहीत, कडेला सरकलो नाही, तसाच उठलो. कानांत शिट्टी सुरू झाली. दाराची चौकट पकडायला हात पुढे केला आणि तो हवेतच गेला.

नरसूबाईंनी मला धरलं. उंबऱ्यावर बसवलं, मान खाली करायला लावली, पाठीवर हात ठेवून थांबल्या. आतून त्यांची लेक येऊन बघत उभी राहिली. उजेड परत आला तेव्हा मला त्यांचे पाय दिसले आणि फरशीवर सांडलेला तंबाखू.

“बगा,” त्या माझ्या डोक्यावरून म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. “आता हातात पोरगी असती तर?”

त्यांनी लेकीला रिक्षा आणायला पाठवलं. मला बसवून दिलं. “मी येणार नाय, अप्पा. चोरून नाय, आणि उजळ माथ्यानंपण नाय. तुम्ही घरी जाऊन सांगा,” एवढंच म्हणाल्या.

घरी पोचलो तेव्हा विश्वनाथ वॉशिंग मशीनची नळी बसवत होता. गिरिजा गादीवर बसून चिनूला भात भरवत होती. मी तिच्यासमोर खुर्चीत बसलो. आणखी पाच मिनिटं थांबलो असतो तर बोललो नसतो.

“चिनू नरसूबाईंच्या हातून पडली नाही,” मी म्हणालो. “मी पाडली.”

गिरिजाचा घास हातातच राहिला. विश्वनाथ ओले हात घेऊन बाहेर आला.

“त्या गच्चीवर होत्या. मी तिला उचललं. मला चक्कर आली. मी तिच्यावर पडलो.”

दोघं एकमेकांकडे बघायला लागले. मग विश्वनाथ जवळ आला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि समजुतीच्या आवाजात म्हणाला, “अप्पा, तुम्हाला त्या बाईंची दया येतेय. कळतंय मला. कासिमनं सांगितलं असेल त्यांचं काम गेल्याचं. पण म्हणून तुम्ही स्वतःवर घेऊ नका.”

त्यांना माझं खरं पटेना. खोटं मात्र एका फटक्यात पटलं होतं.

मी पायजम्याचा पाय वर केला. मोजा काढला. “गिरिजा, इथे बोट दाब,” मी म्हणालो.

तिनं हात पुसला आणि नडगीवर अंगठा दाबला. काढला तेव्हा खळगा तसाच राहिला. ती त्या खळग्याकडे बघत राहिली. मग उठली, वजनकाटा घेऊन आली, मला धरून त्यावर उभं केलं. आकडा बघून फ्रिजवरच्या तक्त्याकडे गेली. परत येऊन गादीवर बसली.

“चक्कर कधीपासून येते?”

“सहा-सात महिने.”

“डॉक्टरांना का नाही सांगितलं?” विश्वनाथनं विचारलं. “मी शेजारी बसलो होतो, अप्पा.”

“तू शेजारी बसला होतास म्हणून.”

चिनू भाताचं ताट ओढायला लागली. गिरिजानं ते बाजूला केलं. तिचा चेहरा मला वाटलं होतं तसा रागाचा नव्हता. तो राग असता तर सोपं गेलं असतं.

“त्या दिवशी मी त्यांना काय काय बोलले ते तुम्ही ऐकत होतात,” ती म्हणाली.

“हो.”

“सगळं?”

“सगळं ऐकत होतो.”

तिनं चिनूचं तोंड पुसलं. मग विश्वनाथला म्हणाली, “चिनूला घे. मला त्यांच्याकडे जायचंय. आत्ताच.”

“मी येतो,” मी म्हणालो.

“नको,” ती म्हणाली. “तुम्ही डॉक्टरांना फोन लावा.”

संध्याकाळी ती परत आली, तेव्हा डोळे सुजलेले होते. नरसूबाई परत येणार नव्हत्या, पण देशमान्यांकडचं काम त्यांना हवं होतं, आणि गेटवरून मान वर करून आत यायचं होतं. “कुणी सांगायचं ते त्या बोलल्या नाहीत,” गिरिजा म्हणाली. “पण मी सांगणार नाही, अप्पा.”

दुप्पट केलेली गोळी डॉक्टरांनी फोनवरच कमी केली, लघवीची गोळी वाढवली, चार शब्द सुनावले. रविवारी संध्याकाळी मी आमच्या जिन्यावरच्या सात घरांत गेलो. लिफ्ट होती, तरी प्रत्येक मजल्यावर थांबून भिंतीला टेकावं लागलं. बेल वाजवायची, दार उघडलं की सांगायचं. एकाच वाक्यात सांगता येईल असं वाटलं होतं, ते येत नव्हतं. लोक “आत या” म्हणायचे, पाणी आणायचे. देशमानेबाई म्हणाल्या, “अहो अप्पा, जाऊ द्या हो. वय झालं, पडतं माणूस. त्यात काय एवढं?”

“पडलो त्याचं नाही सांगत,” मी म्हणालो. “खोटं बोललो. त्या बाईंनी चिनूला हातसुद्धा लावला नव्हता.”

त्यांचं हसणं मावळलं. आतून त्यांचे सासरे बाहेर आले होते, तेही उभे राहिले. मग मी खाली गेटवर जाऊन कासिमला आणि तिथे बसलेल्या चौघांना तेच सांगितलं.

चिनूला पाळणाघरात घातलं. तिला माझ्यापाशी एकटं पुढे दोन वर्षं कुणी ठेवलं नाही, आणि मीही म्हटलं नाही. गिरिजा माझ्या गोळ्या, माझं वजन, माझं पाणी पूर्वीसारखंच बघते. वजन मात्र ती समोर उभी राहून करायला लावते, अजूनही.

नरसूबाई देशमान्यांकडे पुढे पाच वर्षं होत्या. लिफ्टमध्ये भेटायच्या. चिनू सोबत असली की तिच्याशी बोलायच्या, तिच्या केसांवरून हात फिरवायच्या. माझ्याशी बोलल्या नाहीत. त्यांनी मला माफ केलं का, हे मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर ते पुन्हा त्यांच्याकडेच काहीतरी मागणं झालं असतं. त्या लिफ्टमध्ये आल्या की मी कोपऱ्यात सरकायचो, दांडी घट्ट धरायचो, आणि तिसऱ्या मजल्यावर त्या उतरेपर्यंत खाली बघत उभा राहायचो.